पायाखालची जमीन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण लातूर-नांदेडकडच्या बाईला जमिनीविषयी दोन शब्द बोलायला पदवी कशाला हवी?

आपल्या देशात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण नावाचे सरकारी खाते आहे. 1851 साली कोळसा शोधण्यासाठी ते निघाले. मुख्य कचेरी कोलकात्याला, आणि एक मोठी कचेरी आपल्या नागपूरला. खडक, खनिजे, जमिनीतल्या भेगा यांचे नकाशे ही मंडळी करतात.

आपला मराठवाडा काळ्या कातळावर वसलेला. कातळ घट्ट, तेव्हा इथे भूकंपाचे भय नाही, असा समज होता. नकाशातही आपला मुलूख सर्वांत कमी धोक्याचा. 1992 साली किल्लारीला हादरे बसले, तरी गाव तसेच राहिले. पुढे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे निजली असताना, घात झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते.

मग सर्वेक्षणाची माणसे आली. त्यांनी जमिनीच्या भेगा नकाशावर मांडल्या, पडलेली घरे पाहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत खोल छिद्र घेतले, तेव्हा काळा कातळ सुमारे 338 मीटरवर संपला आणि खाली फार जुना खडक लागला. 2002 साली सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच नकाशातून निघाला. 2024 साली हिंगोलीकडचे धक्के नांदेडलाही जाणवले.

भगिनींनो, माणसे मेली ती घराखाली. दगडमातीच्या रुंद भिंती, आत नुसती भर, आणि वर मातीचे जड माळवद. भिंती फुगल्या आणि माळवद अंगावर आले.

घर पुरुष बांधतात, पण दिवसरात्र त्यात वावरतो आपण आणि आपली लेकरे. वास्तूसाठी मुहूर्त पाहतो, दाराची दिशा पाहतो. मग गवंड्याला हेही विचारा: भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घातलेत का? चारी भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा आहे का? जुन्या घरात निदान माळवदावर दरवर्षी माती चढवू नका, आणि लेकरांच्या उशाशी जड फळी ठेवू नका.

भूकंप कधी येईल हे कोणतेही खाते सांगू शकत नाही. कुठे येऊ शकतो, एवढे ते सांगते. पुढचे काम आपल्या घरचे आहे. आपल्या मंडळाने यंदा प्रत्येक सभासदाच्या घराच्या भिंती जाणत्या माणसाकडून पाहून घ्याव्यात, अशी सूचना मांडते आणि आपली रजा घेते.