रोजनिशींतला इतिहास

वरसईचे गरीब भिक्षुक विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेस गेले आणि झांशीच्या वेढ्यांत सांपडले. त्यांनीं लिहिलेल्या आठवणी 'माझा प्रवास' या नांवानें १९०७ सालीं छापल्या गेल्या, म्हणूनच वेढ्यांतील सामान्यांचे हाल आपणांस मराठींत वाचावयास मिळतात. मात्र हें लेखन घटनांनंतर कित्येक वर्षांनीं झालें. रोजनिशीची ओळ त्याच रात्रीं लिहिलेली असते; म्हणून तारीख आणि भाव यांबाबत तिची साक्ष अधिक भरंवशाची.

आमचें पिंपळे गुरव पवनेकांठचें. जवळच पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढें १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. एवढें दप्तरांत मिळतें. परंतु रात्रपाळीहून माणूस घरीं कसा येई, पगारांतून गांवीं किती रुपये जात, शेत विकलें त्या दिवशीं चूल पेटली कीं नाहीं, हें दप्तर सांगत नाहीं. तें एखाद्या फिटरच्या वहींत, दुधाच्या हिशेबाशेजारींच सांपडावयाचें.

मीं वर्गांत आयुष्यभर सनावळ्या घोकून घेतल्या. 'तुझे वडील काय लिहून ठेवतात?' असें एकाही मुलास विचारलें नाहीं. ती चूक आपण करूं नका. घर बदलतांना माळ्यावरची वही रद्दींत घालण्यापूर्वीं उघडून पाहा. लिहिणारा हयात असेल, तर त्याच्याजवळ बसून पुसट अक्षरें आजच वाचून घ्या.