वंशावळीत बाई कुठे आहे?

(पवनानगर येथे मावळातील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीचा विषय जमिनीतले बायकांचे हक्क असा आहे आणि मी मात्र माझ्या खापरपणज्याची गोष्ट घेऊन उभी राहिले आहे. थोडा धीर धरा, विषयावरच येते.

हा माणूस एकोणिसाव्या शतकातला, याच पवन मावळातला कुणबी शेतकरी. भात लावला, वरकस जमिनीत नाचणी केली, सारा भरला आणि मेला. २०२३ सालापर्यंत आमच्या घरात त्याची कुणाला आठवणही नव्हती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्याचं काम मराठवाड्यात सुरू झालं आणि मग राज्यभर पसरलं. आमचे चुलत भाऊही वडगावच्या कचेरीत खेटे घालू लागले. जुनी दप्तरं मोडीत, आणि घरात मोडी वाचता येते ती फक्त मला. म्हणून मला बोलावणं आलं. एरवी जमिनीच्या कागदाला मला कुणी हात लावू दिला नसता.

तर मी वाचत बसले. गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी. मी पाहिलेल्या पानांवर जन्माची नोंद अशी: बापाचं नाव, आज्याचं नाव, जात, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. ज्या बाईने नऊ महिने पोटात वाढवलं, तिचं नाव नाही. पान उलटावं तर पुन्हा तेच. भावांना हवी होती ती 'कुणबी' ही अक्षरं सापडली, त्यांनी पेढे आणले. मी त्या पानांवरची आई शोधत होते.

या कागदांत पुरुषाला 'अमुक बिन तमुक' म्हणतात, म्हणजे तमुकचा मुलगा. बाई आलीच तर 'अमुक कोम तमुक', म्हणजे तमुकची बायको. पुढच्या काळात 'कोम' जाऊन 'मर्द' आलं. 'सातबारावर बाईच्या नावापुढे मर्द का लिहिलंय?' असं मला पुष्कळ मुली विचारतात, त्याचं उत्तर हे. नवऱ्याचं नाव सांगायची ती रीत.

आणि बाई कागदावर येते तरी कधी? आमच्या घरात एकदा आली. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत पणजोबा गेले, आजोबा लहान होते. फेरफारात पणजीचं नाव लागलं, तेही कसं? 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ती. मुलगा अज्ञान आहे तोवर सांभाळणारी. पोर जाणतं झालं की तिच्या नावाला कंस. इतकी वर्षं तिने एकटीने आवण लावलं, खाचरं राखली, सावकाराला तोंड दिलं. कंस करायला तलाठ्याला एक क्षण पुरला असेल. सातबारावर कंस म्हणजे ते नाव संपलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथल्या धरणात जमिनी गेल्या तेव्हाही मोबदला खातेदाराला, आणि खातेदार बहुतेक बाप्याच.

पण पणजी निदान कंसात तरी आहे. तिची सासू, म्हणजे त्या खापरपणज्याची बायको, कुठल्याही कागदावर सापडली नाही. मग मी कचेरी सोडली आणि आत्याकडे गेले.

आत्या नव्वदीच्या घरात. तिला विचारलं तर म्हणाली, 'मला काय म्हाईत, मी शाळेत गेले का?' मग संध्याकाळी गप्पा मारता मारता जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली. त्यांत भाऊ येतो, भावाचं गाव येतं, वाटेवरची नदी येते. एक गाव सारखं येत होतं. 'हे कुणाचं माहेर गं?' तर म्हणे, 'माझ्या पणजीचं. आता पाण्याखाली हाय.' पणजीने तिच्या सुनेला म्हटलेली ओवी, सुनेने तिच्या लेकीला, अशी ती आत्यापर्यंत आली होती. 'आणि तिचं नाव?' आत्या हसायलाच लागली. 'अगं, माझंच नाव तिचं! तिच्यावरनंच ठेवलंय.'

दोन महिने मी दप्तरं चाळत होते आणि नाव माझ्या आत्याच्या अंगावर होतं.

ओव्यांना कुणी पुरावा मानत नाही. पण मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत हिंडून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी साथिणींबरोबर या ओव्या गोळा केल्या. राज्यभरच्या मिळून एक लाखाहून जास्त झाल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' त्या लोकांपुढे आणत आहे. म्हाताऱ्या आहेत तोवर आपण आपल्या घरच्या तरी लिहून घ्या.

आता विषयावर येते.

भावांनी नोंद सापडल्यावर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. वर खापरपणजोबा, खाली मुलगे, नातू, पणतू. सगळे बाप्ये. बहिणी नाहीत, लेकी नाहीत. मी म्हटलं, 'आम्ही कुठे आहोत?' तर उत्तर आलं, 'तुम्ही सासरी गेलात ना.' कुणाच्या मनात कपट होतं असं मी म्हणत नाही. सवय होती.

त्या सवयीचा फटका माझ्या एका चुलत बहिणीला बसला. तिच्या सासरच्या गावात ग्रामपंचायतीची ओबीसी महिलांसाठी राखीव जागा होती. बाईची जात जन्माची धरतात, लग्नाने बदलत नाही. म्हणजे तिला माहेरचेच पुरावे हवेत, वडिलांकडच्या रक्तनात्यातले, आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. नोंद होती. पण भावाच्या वंशावळीत तीच नव्हती! ती माहेरी गेली. भाऊ म्हणाला, 'देतो की कागद. आधी हक्कसोडपत्रावर सही कर.'

बघा, सासरी गेली म्हणून झाडावरून काढली. सही पाहिजे तेव्हा ती त्याच झाडावर आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. म्हणून लेकींना वगळलेली वंशावळ उद्या वारसनोंदीला जोडली गेली, तर हिस्सा नाही म्हणायला ती आयतीच तयार आहे.

बहिणीने सही केली नाही. आम्ही तिच्या नावाने वेगळं प्रतिज्ञापत्र केलं, लेकींसकट. आत्याच्या सांगण्यावरून खापरपणजीचं नावही वर घातलं. टंकलेखकाने विचारलं, 'हे कशाला?' तिने सांगितलं, 'लिहा.' निवडणुकीची मुदत तोवर टळून गेली होती. भाऊ अजून बोलत नाही.

ज्यांच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत अशी वंशावळ झाली आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला तिची झेरॉक्स आणावी. जुने फेरफार मिळाले तर तेही, कंस केलेले सोडू नका. मोडीतलं मी वाचून देईन.