म्हातारं मांजर आणि मधुमेह

आठ-दहा वर्षांचा, खाऊनपिऊन गुबगुबीत झालेला बोका अचानक पाण्याच्या वाटीपाशी घुटमळू लागला, तर ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचं प्रमाण वाढलंय का, तेही पाहा. भूक चांगली, तरी पाठीचा कणा हाताला लागतो, हे तर नक्कीच खटकायला हवं. नसबंदी केलेल्या, वजनदार बोक्यांना मधुमेहाचा धोका अधिक.

एक खूण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मांजर एरवी बोटांवर चालतं. मधुमेहाने नसा दुखावल्या की मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकतात, उडी चुकते. आपण म्हणतो, वय झालं!

मूत्रपिंडाच्या आणि थायरॉईडच्या विकारातही अशीच तहान लागते, म्हणून तपासणी हवीच. दवाखान्यात घाबरूनही मांजराची साखर चढते. त्यामुळे डॉक्टर लघवीतली साखर पाहतात, शिवाय रक्तातलं फ्रुक्टोसामीन तपासतात. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. लवकर इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार सुरू झाला, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे थांबवताही येतं. दूधभाताचे लाड तेवढे आवरा. आणि उलट्या होऊन मांजराने खाणंच सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.