पेरणारा जेथ्रो टल



जेथ्रो टल म्हटलं की रॉक संगीत ऐकत वाढलेल्यांच्या डोळ्यांसमोर एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा दाढीवाला गायक येतो. त्या गायकाचं नाव इयन अँडरसन. जेथ्रो टल हे त्याच्या बँडचं नाव, आणि त्या बँडच्या जवळपास तीनशे वर्षं आधी जन्मलेल्या एका इंग्रज शेतकऱ्याचंही. या शेतकऱ्याचं नाव जगभर गाजलं, काम मात्र मागे राहिलं. मला हे त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं, म्हणून आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

बँडनं जुनं नाव उचलणं ही तशी नवलाची गोष्ट नाही. युराया हीप हा डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला, सदान्‌कदा आपल्या नम्रतेचं प्रदर्शन मांडणारा लबाड कारकून. त्याच्या नावाच्या लंडनच्या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला. ग्लासगोच्या एका बँडनं फ्रान्झ फर्डिनांड हे नाव घेतलं. २८ जून १९१४ रोजी साराएवोत ज्याची हत्या झाली आणि पाठोपाठ पहिलं महायुद्ध पेटलं, तोच हा ऑस्ट्रियाचा युवराज. या दोघांचं नाव कुणी घेतलं म्हणून काही बिघडत नाही. हीप कादंबरीत जागच्या जागी आहे; पुस्तक उघडा, तो भेटतो. फर्डिनांड शाळेच्या इतिहासात आहे. पण अवजार सुधारणाऱ्या माणसाचं काय? त्याचं काम इतरांच्या शेतात मिसळून जातं. दुसऱ्या कुणी त्याचं नाव उचललं, की ओळख म्हणून त्याच्याकडे फारसं काही उरत नाही.

बँडची हकिगत थोडक्यात सांगतो. सुरुवातीला ही मुलं वेगवेगळ्या नावांनी वाजवत असत, कारण एकाच नावानं त्याच क्लबात पुन्हा बोलावणं येत नसे. त्यांच्या एजंटाच्या कचेरीतल्या इतिहास शिकलेल्या एकानं हे नाव सुचवलं. १९६८ च्या आरंभी लंडनच्या मार्की क्लबात ते जमलं आणि तेच टिकलं. पुढे १९७१ चा ‘अ‍ॅक्वालंग’ हा अल्बम जगभर पोहोचला. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर, याच बँडनं अनुष्का शंकर यांच्यासह पीडितांसाठी कार्यक्रम केला. म्हणजे हे नाव आपल्या दुःखातही आपल्या सोबत होतं. मी बँडला दोष देत नाही. त्यांचं संगीत मला आवडतं.

आता मूळ माणसाकडे येऊ. टलचा जन्म १६७४ सालचा, बर्कशरमधल्या बेसिल्डनचा. ऑक्सफर्डला शिकला, १६९९ मध्ये बॅरिस्टर झाला, पण रमला शेतीत. त्या काळी इंग्लंडात बी मुठीनं फेकून पेरत. कुठे दाट, कुठे विरळ, कितीतरी बी पाखरांच्या पोटात. टलला सेनफॉइन हे चाऱ्याचं पीक घ्यायचं होतं. मजुरांना त्यानं सांगितलं, सरी काढा, बी विरळ टाका, मातीनं झाका. मजुरांनी ऐकलं नाही. तेव्हा हे काम यंत्राकडूनच करून घ्यायचं त्यानं ठरवलं.

यंत्राची युक्ती त्याला सुचली ती वाद्यावरून, आणि या हकिगतीत मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट हीच. टल तरुणपणी ऑर्गन वाजवायला शिकला होता. ऑर्गनच्या पेटीत खाच असते, तिच्यावर जीभ असते आणि जिभेमागे स्प्रिंग. आपल्या हार्मोनियमची पट्टी दाबली की आतलं झाकण उघडतं, हवा सुटते; बोट उचललं की स्प्रिंग झाकण मिटवते. तसंच हे. टलनं हवेच्या जागी बी ठेवलं. वर बियाण्याची पेटी, खाली खाचा पाडलेला फिरता दांडा, त्याला टेकलेली जीभ आणि स्प्रिंग. ठरावीक बी तेवढं सुटायचं, थेट सरीत पडायचं. साल १७०१ च्या सुमाराचं. वाद्याचा हा उगम त्यानं स्वतःच आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. ज्याच्या पेरणीयंत्राचा जन्म संगीतातून झाला, त्याचं नाव एका बँडला मिळावं, हा केवढा मोठा योगायोग! पण किती चाहत्यांना तो ठाऊक आहे?

ओळीत पेरल्यामुळे मधल्या पट्ट्यातून घोड्याचं कोळपं फिरवता आलं. १७३१ साली आणि पुन्हा १७३३ साली त्याचं पुस्तक आलं. खताची गरजच नाही, माती बारीक केली की पुरे, असं तो ठासून सांगत राहिला, आणि तिथे तो साफ चुकला. १७४१ मध्ये तो वारला.

तुमच्यातले शेतकरी एव्हाना मनात म्हणत असतील, अहो, ही तर आपली तिफण! चाड्यावर मूठ धरायची, बी नळ्यांतून फणामागे सरीत पडतं. बरोबर आहे. १७९५ च्या सुमारास कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दक्षिण भारतातल्या शेतात असं अवजार चालताना पाहिलं. पेरणीयंत्र ही युरोपची अलीकडची निर्मिती, असं तो तोवर धरून चालला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, इथे ते सर्रास वापरात आहे आणि पूर्वापार चालत आलं आहे. त्याचं लेखन सेवाग्रामला अखेरचा काळ घालवलेले धरमपाल यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात छापलं.

म्हणून टलला मी पेरणीयंत्राचा पहिला जनक म्हणणार नाही. त्यानं आपल्या देशात, आपल्या डोक्यानं आणि आपल्या ऑर्गनवरून ते नव्यानं घडवलं, आणि कसं घडवलं ते लिहून ठेवलं. तिफण घडवणाऱ्या सुतारांबद्दल तसं कुणी लिहिलं नाही. आपल्या कृषी महाविद्यालयांनी टलचं पुस्तक आणि हॅलकॉटचं ते लेखन शेजारी शेजारी ठेवून शिकवावं, आणि अंगणात एक चालती तिफण उभी करावी, अशी माझी या व्यासपीठावरून मागणी आहे.