चामडे, पावसाळा आणि आपण
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मालवण येथे दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा 'पावसाळ्यात चामड्याच्या हँडबॅगची निगा' असे मी सांगितले. ते क्षणभर हसले. चर्मकार समाजाच्या संमेलनात शिक्षण, नोकऱ्या, वसतिगृह असे विषय असावेत, ही चैनीची पिशवी मध्येच कुठून आली, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे वाटणे अगदीच चुकीचे नव्हते. तथापि या पिशवीने मला माझ्याच घरातील एक चूक दाखवून दिली, आणि ती चूक केवळ माझ्या एकट्याच्या घरातील नसावी, असा माझा कयास आहे. म्हणून आपला थोडा वेळ घेण्याचे धाडस करीत आहे.

माझी पुतणी मुंबईस एका कचेरीत अधिकारी आहे. दोन वर्षांच्या बचतीतून तिने एक इटालियन बनावटीची वासराच्या चामड्याची पर्स घेतली. मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझा वर्षाचा पगारही तिच्या किमतीस पुरला नसता. मे महिन्यात ती गावी आली. मुंबईच्या पावसात, लोकलच्या गर्दीत पर्स खराब होईल या भीतीने तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळली आणि आमच्या घरातील लोखंडी कपाटात ठेवून ती परत गेली. चतुर्थीस आली, कपाट उघडले, तो पर्सवर पांढरी-हिरवी बुरशी! पोर रडू लागली. टाकून द्या म्हणाली.

ओटीवर बसलेल्या माझ्या ८५ वर्षांच्या मातोश्रींनी ती पिशवी हातात घेतली, नाकाजवळ नेली, बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "गो बाय, ह्यां मेलां नाय हा. कोंडून ठेवलंस, म्हणून घुसमाटलां." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी मे म्हयन्यातच बघलंलय. पण ह्या घरात चामड्याचां नाव काढूचां नाय, असां तूच सांगितलंलंस मां?"

मित्रहो, हे वाक्य मला लागले. कारण ते खरे होते. माझे वडील वहाणा शिवीत. मी शिक्षक झालो, चार लोक घरी येऊ लागले, आणि वडिलांच्या पश्चात त्यांची रापी आणि आरी मी स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकली. गावाने त्या धंद्यास हीन लेखले, हा गावाचा अन्याय. परंतु त्या धंद्यातील ज्ञानासही आम्ही माळ्यावर टाकले, हा दोष आमचा. ज्या घरात तीन पिढ्या चामडे ओळखले जात होते, त्याच घरात चामडे सडले आणि जाणती व्यक्ती गप्प बसून राहिली.

मातोश्रींनी त्या दिवशी जे केले आणि सांगितले, त्याला मी नंतर वाचनाची जोड दिली. ते आता क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, पाणी हे चामड्याचे जन्मवैरी नव्हे. संत रोहिदासांच्या काठवटीची कथा आपण सारे जाणतो. त्या काठवटीत पाणी असे आणि त्यात चामडे भिजत असे. कातडे पाण्यातूनच कमावले जाते. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर फळकुटासारखे ताठ होते. बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांत ते मुरवले म्हणजे त्याचे टिकाऊ चामडे बनते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची रीत रूढ झाली; आजच्या बहुतेक मऊ पर्सा तशा चामड्याच्या असतात. सालीने कमावलेले चामडे पाणी लवकर पिते, डाग धरते आणि उष्णतेने चटकन आक्रसते. क्रोमचे चामडे पाण्यास अधिक तोंड देते. पण बुरशी दोहोंवर येते, कारण कमावताना मऊपणासाठी घातलेली तेले आणि वापरताना हाताचा लागलेला घाम, मळ हे तिचे खाद्य होय.

बुरशीचे सूक्ष्म बीज हवेत सर्वत्र असते. ते रुजण्यास पाऊस अंगावर पडावा लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की पुरे. आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि त्या काळात हवेची आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे मृगापासून चार महिने आपले प्रत्येक कपाट बुरशीची रोपवाटिका होऊ शकते. प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या पर्सेबरोबर तिच्यातील ओलही कोंडली जाते. पावसात भिजलेली पर्स वाळते, पण कोंडलेली पर्स सडते.

आता आगोटीची तयारी. आपल्या आयाबहिणी मे महिन्यात मीठ, मसाला, सुके मासे, सरपण यांची बेगमी करतात. त्या यादीत चामड्याची वस्तूही असावी. मृग लागण्यापूर्वी पर्स पूर्ण रिकामी करावी. आतील अस्तर उलटे करून झटकावे, कारण बिस्किटाचा चुरा आणि जुन्या चिठ्ठ्या बुरशीस प्रिय. कोरड्या सुती फडक्याने पुसून दोनतीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. कडक उन्हात ठेवू नये. रंग उडतो आणि चामडे तडकते. नंतर चामड्याचे मलम बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावून पुसून घ्यावे. आपल्याकडे खोबरेल चोपडण्याची हौस फार. त्याने रंग काळवंडतो आणि उरलेले तेल बुरशीस खाद्य पुरवते. वडील वहाणांस करंजेल लावीत. पण जाड वहाण वेगळी आणि वासराचे नाजूक चामडे वेगळे, हा विवेक राखावा. लव असलेल्या चामड्यास तर तेल-मलम मुळीच लावू नये, केवळ मऊ ब्रशाने झाडावे.

ठेवताना आत पांढरा कोरा कागद किंवा जुने धुतलेले मलमल भरावे, म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्राची शाई अस्तरास लागते, म्हणून ते टाळावे. वरून जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवावी. सुतातून हवा खेळते. कपाट चिऱ्याच्या बाहेरील भिंतीस टेकलेले नसावे, कारण पावसाचा मारा खाणारी ती भिंत आतून ओल देते. पर्स तळाच्या फळीवर न ठेवता वरच्या फळीवर ठेवावी, आणि दोन पर्सांमध्ये बोटभर अंतर असावे.

सिलिका जेलच्या पुड्यांविषयी बराच गैरसमज आहे. हा पदार्थ आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषू शकतो, त्याहून फार नाही. उघड्याझाकल्या कपाटात टाकलेली चिमूटभर पुडी दोन दिवसांत तृप्त होते आणि पुढे तिचा उपयोग उरत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, आधी नीट वाळवलेल्या वस्तूबरोबर, पुरेशा प्रमाणात ठेवली तरच ती काम करते. आणि रंग बदलणारे दाणे असतील तर रंग पालटताच ती बदलावी. डांबराच्या गोळ्या किड्यांस पळवतात, ओल मात्र शोषत नाहीत. कडुनिंबाचा हिरवा पाला तर स्वतःच ओल आणतो.

या सर्वांहून मोठा उपाय फुकटचा आहे. पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून एकदा पर्स बाहेर काढावी, उघडावी, तासभर पंख्याखाली ठेवावी. मातोश्रींच्या मते चामड्याची वस्तू वापरात असलेली बरी. हातातली वस्तू बुरशीच्या वाट्यास क्वचितच जाते.

वाटेत पर्स भिजलीच, तर घरी येताच ती रिकामी करावी. पाणी टिपून घ्यावे, घासू नये. सालीने कमावलेल्या चामड्यावर चार थेंब पडले असतील, तर तो सबंध भाग ओलसर फडक्याने एकसारखा पुसावा, म्हणजे वाळल्यावर वर्तुळे राहत नाहीत. आत कोरा कागद भरावा, तो भिजला की बदलावा, आणि पंख्याच्या वाऱ्यावर एकदोन दिवस हळूहळू वाळू द्यावे. चुलीजवळ किंवा केस वाळवण्याच्या यंत्रापुढे धरू नये. ओले चामडे उष्णतेने आक्रसते आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. समुद्राचे तुषार उडाले असतील, तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने आधी खार पुसून काढावा. मीठ राहिले तर ते हवेतील पाणी ओढत राहते आणि पितळी कड्यांवर हिरवा कळंक चढतो.

बुरशी आलीच, तर पर्स घरात झटकू नये. ते बीज इतर वस्तूंवर बसते. खळ्यात न्यावी, नाकातोंडावर फडके बांधावे, मऊ कोरड्या ब्रशाने बुरशी झाडावी. मग स्पिरिट आणि पाणी समभाग घेऊन, त्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावे. परंतु ते आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी लावून रंग सुटत नाही ना, हे पाहावे. वाळल्यावर किंचित मलम लावावे. कपाटही तसेच पुसून कोरडे करावे, नाही तर पुन्हा तेच. पुतणीची पर्स अशीच सावरली. तळाशी एक फिकट डाग मात्र राहून गेला.

एक सावधगिरी सांगतो. बाजारात चामडे म्हणून विकले जाणारे पुष्कळसे चामडे नसतेच. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमट हवेत तो थर आतून विघटित होऊन पापुद्रे सुटतात, आणि त्यास कोणतेही मलम उपयोगी पडत नाही. कापलेली कड पाहावी: खऱ्या चामड्यात गुंतलेले तंतू दिसतात, नकली मालात कापडाची वीण. ही पारख आपल्या वडिलांस डोळे मिटून होती.

बंधु-भगिनींनो, आता समारोप करतो. चामड्याच्या ज्ञानास जगात मान आहे. भारत सरकारची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून चेन्नईस याच शास्त्राचा अभ्यास करीत आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या. त्यावर ओरड झाली, कंपनीला त्या चपलांचे मूळ मान्य करावे लागले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. परदेशी व्यापारी ज्या हस्तकौशल्यापुढे येतात, त्याचे नाव आपण आपल्या घरात काढू नये, हे कितपत योग्य?

मुलांनी पुन्हा रापी धरावी, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे. जातीने धंदा लादण्याचे दिवस परत येऊ नयेत, त्यासाठी आपल्या वडिलांनी फार सोसले आहे. परंतु लादलेला धंदा सोडणे आणि मिळवलेले ज्ञान टाकणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. माझी सूचना एवढीच की, दरवर्षी मृगापूर्वी, मे महिन्याच्या एका रविवारी, मुंबईची मंडळी गावी असताना, संस्थेने एक बैठक घ्यावी. प्रत्येक घराने आपली एक चामड्याची वस्तू आणावी, आणि जाणत्या वृद्धांस मध्ये बसवून ती कशी राखावी हे त्यांच्या तोंडून ऐकावे. कोणी तरुणाने ते वहीत उतरवून घ्यावे.

वडिलांची रापी मी माळ्यावरून उतरवली आहे. तिच्यावर गंज चढला होता. मातोश्रींनी तो स्वतः घासून काढला, आणि आता ती त्यांच्या उशाजवळच्या फडताळात आहे. पुतणी यंदा मे महिन्यात आली, तेव्हा पर्स घेऊन प्रथम आजीपुढे बसली. मी शेजारी बसून ऐकत होतो.