समासातली वेल

माझा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा मी हौसेनं प्रत्येक पानाच्या समासात वेलबुट्टी छापून घेतली. अम्मीनं पुस्तक चाळलं आणि म्हणाली, "वेल छान आहे रे!" कवितेबद्दल अवाक्षर नाही. (तिला मराठी उत्तम वाचता यायचं, बरं का!)

मग घरातलं जुनं कुराण शरीफ नीट पाहिलं. सुरुवातीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर दाट नक्षी. पुढं साधी चौकट, आणि नवा पारा सुरू होतो तिथं समासात एक फूल. बस्स!

दुसऱ्या संग्रहात वेल फक्त अम्मीवरच्या सात कवितांना द्यायची ठरवली. तोवर ती गेली होती. छापखान्यातल्या फोरमननं हिशेब मांडला. फर्मा १६ पानांचा. कागदाच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पानं येतात. दुसरा रंग त्यातल्या एका पानाला द्या की आठांना, जादा प्लेट एकच. पाठीमागच्या बाजूला गेलात की आणखी एक प्लेट, आणखी खर्च. वेल कडेला भिडवायची तर कटिंगच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर छापावी लागते, नाहीतर पांढरी चीर राहते. रंगही फिकाच हवा. गडद रंग पातळ कागदातून मागच्या कवितेत डोकावतो.

मी कवितांचा क्रम बदलत बसलो. सहा कविता बसल्या. सातवी, तिच्या शेवटच्या रात्रीची, सहाव्या पानावर येत होती. हलवली की पुढच्या कवितेशी तिचं नातं तुटत होतं. ती कोऱ्या समासातच छापली.