फोटोमागचं चर्चगेट



आमच्या आत्याच्या ट्रंकेत एक फोटो निघाला. तळहाताएवढा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात आमचे पणजोबा उभे आहेत. डोक्यावर पगडी, हातात मिटलेली छत्री, चेहऱ्यावर फोटो काढताना येणारा कडकपणा. त्यांच्या मागे रस्ता, रस्त्यावर रूळ आणि चौकटीच्या काठावर घोड्याच्या ट्रामची मागची बाजू. दूर छपरांच्या वर एक उंच मनोरा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिलेले: ‘चर्चगेट, मुंबई’.

मी तो फोटो घेऊन चर्चगेट स्टेशनाबाहेर दोन रविवार हिंडलो. पुढे गेलो, मागे आलो, रस्ता ओलांडला. मनोरा ओळखीचा होता, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. पण फोटोतल्यासारखा तो कुठूनच दिसेना. फूटपाथवरचा चहावाला शेवटी म्हणाला, “काका, काही हरवलंय का?” त्याला काय सांगणार? पणजोबा हरवलेत, असं थोडंच म्हणता येतं!

तिसऱ्या रविवारी घरीच बसलो आणि फोटो नीट पाहिला. जुन्या फोटोत पहिल्यांदा काळ शोधावा. जागा मागाहून सापडते. घोड्यांच्या ट्राम मुंबईत १८७४ साली सुरू झाल्या. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. फोटोत रूळ आहेत, पण डोक्यावर तारा नाहीत. म्हणजे हा फोटो १८७४ नंतरचा आणि १९०७ च्या आधीचा. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली. त्यामुळे सुरुवातीची हद्द आणखी चार वर्षं पुढे सरकली. फोटोत काय आहे याच्याइतकंच काय नाही हेही मोजायचं असतं. फोर्टातल्या ‘काळा घोडा’ पुतळ्याचं उदाहरण घ्या. घोड्यावर राजा बसलेला दिसला, तर फोटो १८७९ ते १९६५ मधला, कारण १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेला. त्याच भागात स्वार नसलेला घोडा दिसला, तर फोटो २०१७ च्या आधीचा असू शकत नाही. मधल्या पन्नास वर्षांत ‘काळा घोडा’ हे नाव होतं आणि घोडा मात्र नव्हता!

मग जागा. राजाबाई टॉवरच्या शेजारीच हायकोर्टाची इमारत आहे, तीही त्याच वर्षी पुरी झालेली. ओव्हलच्या मैदानात किंवा चर्चगेट स्टेशनाच्या बाजूला उभं राहिलं, की हायकोर्ट डावीकडे दिसतं आणि टॉवर उजवीकडे. माझ्या फोटोत टॉवर डावीकडे होता, हायकोर्टाचं छप्पर उजवीकडे. दोन रविवार हातात फोटो धरून हिंडलो, पण ही गोष्ट माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती.

याचे अर्थ दोनच निघतात. एक, काचेची निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला असेल. जुन्या काळी हे होत असे, म्हणून फोटोत कुठे पाटी असेल तर तिची अक्षरं आधी वाचून बघावीत. भिंग लावलं. पणजोबांच्या खांद्यामागे एका दुकानाची पाटी होती, तिची दोन अक्षरं लागली, आणि ती सुलटी होती. मग उरला दुसरा अर्थ. फोटो काढणारा टॉवरच्या पलीकडे, पूर्वेच्या अंगाला उभा होता. म्हणजे कोटात. जुने मुंबईकर फोर्टला कोट म्हणत.

इथे नकाशा काढला. मुंबईच्या किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. सेंट थॉमस चर्च १७१८ पासून किल्ल्याच्या मधोमध उभं आहे. त्या चर्चपासून निघालेला सरळ रस्ता पश्चिमेच्या तटापर्यंत जायचा. तिथला दरवाजा तो चर्च गेट. १८६० नंतरच्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तट पाडले आणि दरवाजेही गेले. चर्च गेट होता तिथे १८६४ मध्ये कारंजं उभं राहिलं. तेच आपलं फ्लोरा फाउंटन. पुढे रेल्वेचं स्टेशन झालं ते पार समुद्राकडे, कारंज्यापासून आठ-दहा मिनिटांच्या चालीवर. दरवाजा नव्हता, पण त्याचं नाव उचलून स्टेशनाला दिलं. चर्चपासून येणाऱ्या त्या रस्त्यालाही चर्चगेट स्ट्रीटच म्हणत, आज तो वीर नरिमन रोड आहे. पणजोबांच्या तोंडी ‘चर्चगेट’ म्हणजे तो रस्ता, तो नाका. माझ्या डोक्यात चर्चगेट म्हणजे लोकल. शब्द एकच, पण आमच्या दोघांच्या मुंबया वेगळ्या.

म्हणून मी म्हणतो, शहरात वस्तू जाते, नाव सरकतं, पण रेषा सहसा हलत नाही. इमारत पाडता येते. रस्त्याचं वळण मोडायचं, तर दोन्ही बाजूंच्या मालकांना उठवावं लागतं, आणि ते फार महाग पडतं. किल्ल्याचा पश्चिमेचा तट गेला, पण दादाभाई नौरोजी रोड साधारण त्याच्याच कडेनं धावतो. बाजार गेट गेला, त्याच्याकडे जाणारा रस्ता आहे. जुना फोटो ओळखताना आपण इमारतींकडे बघतो. बघायला हवं जमिनीकडे. रस्ता कुठे अरुंद होतो, कुठे वळतो, नाका किती कोनात कापलाय, ते पाहावं.

नकाशावरही डोळे मिटून विसंबू नये. उत्तर दिशा वरच असेल असं नाही, आधी बाण शोधा. काही नकाशांत प्रत्यक्ष न झालेली कामंही रंगवलेली असतात. १८६५ मध्ये कापसाच्या पैशावर उभारलेला सट्टा कोसळला आणि बॅकबेच्या भरावाचा बेत बराचसा कागदावर राहिला. त्या कागदावर मात्र समुद्राच्या जागी जमीन दिसते! मोजणी करून काढलेला नकाशा आणि कंपनीनं शेअर विकायला काढलेला नकाशा यांत फरक करावा. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची मोजणी केली. त्या नकाशांत घरांच्या हद्दी सापडतात, आणि असा नकाशा हाती आला की निम्मं काम झालं. शब्दांतला पुरावा हवा असेल, तर गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ आहे, १८६३ सालचं, ऐन तट पडण्याच्या वेळचं.

फोटोतल्या सावलीवरून दिशा काढतात, त्याचंही एक सांगतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की दुपारची सावली उत्तरेला पडते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. आणि फार जुन्या फोटोत रस्ता ओसाड दिसला तर फसू नका. त्या वेळच्या काचेला कित्येक सेकंद उजेड लागायचा. जो चालत गेला तो उमटलाच नाही, जो थांबला तेवढाच राहिला.

शेवटी उभं राहायची जागा. आपले कोळी समुद्रात जागा कशी धरतात? किनाऱ्यावरची एक जवळची खूण आणि एक लांबची खूण एका रेषेत आणायची. तशाच दोन जोड्या जुळल्या, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे होडी. मीही तेच केलं. नाक्यावरच्या एका दगडी इमारतीचा कोपरा आणि टॉवरचं टोक ही एक रेषा. हायकोर्टाच्या छपराची कड आणि रस्त्याचं वळण ही दुसरी. चौथ्या रविवारी सकाळी, गर्दी नसताना, फ्लोरा फाउंटनच्या उत्तरेला पाच-सहा पावलं मागेपुढे झालो आणि टॉवर डावीकडे आला. टोक बरोबर कोपऱ्याला टेकलं. कारंज्याशेजारी आता संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, चौकालाही त्यांचंच नाव आहे. पणजोबांच्या फोटोत त्यातलं काही असणं शक्य नव्हतं. पण रूळ होते. आणि अलीकडे या कारंज्याचं काम निघालं, तेव्हा रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तरी डांबराखाली तिची वाट तशीच होती.

श्रोतेहो, तुमच्या घरातही असे फोटो असतील. त्यांच्या मागे माणसांची नावं लिहिता, तसं ठिकाणही लिहा. मऊ पेन्सिलीनं, दाब न देता लिहा. फक्त ‘चर्चगेट’ किंवा ‘दादर’ लिहून भागत नाही. कुठल्या नाक्यावर, कुठे तोंड करून, मागे काय दिसतंय, एवढं एक ओळभर लिहा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि गप्प बसा. आपण विचारलं की ते नाव सांगतात, गप्प बसलो की जागा सांगतात.

आमच्या फोटोमागे मी आता एक ओळ घातली आहे: ‘फ्लोरा फाउंटनच्या उत्तरेस, नैर्ऋत्येकडे पाहून, १८७८ ते १९०७ च्या दरम्यान.’ वरचं ‘चर्चगेट’ खोडलेलं नाही. ते बरोबरच होतं.